प्रश्न तुमचे: ‘मला थायरॉइड निघालाय’

मागच्या अंकात एका ताईंच्या केसगळतीच्या प्रश्नाला उत्तर देताना मी लिहून गेले होते की एकदा थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त थायरॉइडवरच आहेत. म्हणून यावेळचं पान सगळं त्यालाच दिलंय. सुरुवातीला एकच गोष्ट सांगते, ‘थायरॉइड निघाला’ असं आपण सर्रास म्हणतो पण थायरॉइड सगळ्यांनाच असतो, मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या घाटीच्या जरा खाली बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे ती. ती कमी काम करतेय की जास्त, हे महत्त्वाचं, कारण दोन्हीची लक्षणं उलटी आणि औषधंही उलटी. क्लिनिकमध्ये कुणी ‘मला थायरॉइड आहे’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कमी की जास्त, आणि दहा-दहा वर्षं गोळी घेणाऱ्यांनाही त्याचं उत्तर माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं कारण ते सांगायचं काम आम्हा डॉक्टरांचं होतं.

प्रश्न: वय ३४, शिक्षिका आहे, सातारा. शाळेतल्या हेल्थ चेकअपमध्ये टीएसएच ७.८ आला, टी फोर नॉर्मल आहे. थकवा खूप येतो. डॉक्टर म्हणाले गोळी सुरू करू, सासूबाई म्हणतात एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही, सवय लागते. काय करू?

ताई, आधी हा आकडा काय सांगतो ते बघू, मग गोळीचं ठरवू.

थायरॉइड ग्रंथी म्हणजे कामावरचा मजूर आणि मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी ग्रंथी म्हणजे मुकादम असं समजा. टीएसएच ही त्या मुकादमाची हाक. मजूर नीट काम करत असेल तर मुकादमाला बेताचंच बोलावं लागतं, रिपोर्टवर तो आकडा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो (लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, तुमच्या कागदावर जी रेंज छापलीय ती बघा). मजूर ढिला पडला की मुकादम ओरडायला लागतो, टीएसएच वाढतो. म्हणजे टीएसएच जास्त याचा अर्थ थायरॉइड कमी, इथेच निम्मा गोंधळ होतो. आणि टी फोर म्हणजे मजुराने प्रत्यक्ष केलेलं काम. तुमच्या रिपोर्टमध्ये मुकादम ओरडतोय पण काम अजून पूर्ण होतंय. ही काठावरची अवस्था आहे.

आता काठावर असताना लगेच गोळी लागतेच असं नाही. टीएसएच एका दिवसात सुद्धा वरखाली होतो, रात्री जास्त असतो, आणि नुकताच मोठा ताप किंवा आजारपण होऊन गेलं असेल तर त्यातून उठताना काही आठवडे वाढलेला दिसू शकतो. त्यामुळे एका रिपोर्टवर आयुष्यभराचा निर्णय घेऊ नका. दोन ते तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी फोर (रक्तात मोकळा फिरणारा टी फोर) परत करा, सोबत अँटी टीपीओ नावाची तपासणी करा. आपल्याकडे ग्रंथी मंदावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून ग्रंथीवर हल्ला करते, जपानमधल्या हाशिमोटो नावाच्या डॉक्टरने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला हाशिमोटो म्हणतात, आणि अँटी टीपीओ पॉझिटिव्ह आली तर पुढे ग्रंथी आणखी मंदावण्याची शक्यता जास्त असते. टीएसएच १० च्या वर गेला तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतातच. ४ ते १० च्या मधे असेल तर माणूस बघून ठरवायचं, वय काय, लक्षणं किती, कोलेस्टेरॉल किती, ग्रंथीवर हल्ला करणाऱ्या त्या अँटिबॉडी आहेत का. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मला विचारायचीय, मूल हवंय का? पुढच्या वर्षभरात दिवस राहावेत असा विचार असेल तर हे सगळं गणित बदलतं, मग थांबू नका, डॉक्टरांना आजच सांगा.

थकव्याबद्दल. ७.८ टीएसएचने इतका थकवा येईलच असं मी छातीठोक सांगणार नाही. चौतिशीतली बाई, पाळीत अंगावर जास्त जात असेल, पहाटे पाचला उठून डबे करून शाळा गाठत असेल, तिचं हिमोग्लोबिन मी आधी बघेन, मग बी १२, आणि झोप किती तास होते तेही विचारेन. नाहीतर होतं काय की सगळा दोष थायरॉइडवर जातो आणि ९ हिमोग्लोबिन घेऊन बाई वर्षभर फिरत राहते.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना सांगा, ही गोळी म्हणजे दुष्काळातला टँकर. विहीर आटली म्हणून टँकर येतो, टँकर आला म्हणून विहीर आटत नाही. गोळीत जे असतं, लेव्होथायरॉक्सिन, ते हुबेहूब आपल्याच ग्रंथीतून निघणाऱ्या टी फोरसारखं असतं, ती नशेसारखी सवय लावणारी वस्तू नाही. गोळी थांबवली की त्रास परत सुरू होतो तो विहीर अजून कोरडी असते म्हणून. आणि जन्मभर घ्यायची भीती वाटत असेल तर हे वाचून दाखवा. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला दिला, ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली, औषध घेत घेत. तेव्हा अर्क होता, मात्रा सुद्धा अंदाजाने. आता मायक्रोग्रॅममध्ये मोजून मिळते.

प्रश्न: वय ५८, नागपूर. चार वर्षांपासून गोळी चालू आहे, ५० पासून सुरू झाली, मग ७५, मग १००, आता १२५ केली तरी टीएसएच १४ आला. गोळी कधीच चुकवत नाही. सकाळी उठलं की चहाबरोबर थायरॉइडची, ॲसिडिटीची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही एकदम घेऊन मोकळी होते. डॉक्टर आता १५० करू म्हणतात.

काकू, तुम्ही दिनक्रम लिहून पाठवलात ते फार बरं केलंत, उत्तर तुमच्याच पत्रात आहे.

कॅल्शियमची गोळी पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवते आणि तशीच बाहेर घेऊन जाते, रक्तात जाऊच देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. चहा-कॉफीने शोषण कमी होतं, दुधाने होतं, आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. म्हणजे गोळी पोटात जाते रोज, लागू पडते थोडीच. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाची ग्रंथी जवळजवळ बंद पडली असली तरी दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरते, किलोमागे दीडच्या जरा वर असा हिशोब असतो. तुमचं वजन माहीत नाही पण १२५ घेऊन १४ येत असेल तर मात्रा वाढवायच्या आधी वेळ बदलून बघावी असं मला वाटतं.

असं करा. उठल्याबरोबर, तोंड धुतलं की एक ग्लास साध्या पाण्याबरोबर फक्त थायरॉइडची गोळी. मग अर्धा तास, जमलं तर एक तास काही नाही, चहा सुद्धा नाही. मला माहितीये हा अर्धा तास म्हणजे आपल्याकडच्या घरात किती मोठी गोष्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांना औषधाचे साइड इफेक्ट चालतात पण सकाळचा चहा लांबलेला चालत नाही. त्यांना मी सांगते की गोळी उशाशी ठेवा, पाण्याचा तांब्या ठेवा, पाचला जाग येते ना, तेव्हा घ्या आणि परत पडा. तेही जमत नसेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवणानंतर तीन तास झालेले असावेत. रोज एकच वेळ असावी एवढंच. कॅल्शियम चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर. ॲसिडिटीची गोळी खरंच रोज लागते का हे डॉक्टरांना एकदा विचारा, बऱ्याच जणांची ती कधीतरी पाच दिवसांसाठी दिलेली असते आणि पाच वर्षं चालू राहते.

आणि हे मात्र नीट वाचा. वेळ बदलल्यावर हीच १२५ ची गोळी पूर्ण लागू पडायला लागेल, तेव्हा ती तुम्हाला जास्त सुद्धा होऊ शकते. धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न येणं असं काही वाटलं तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. काहीच वाटलं नाही तरी वेळ बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचाच. त्याआधी करून उपयोग नाही, कारण हे औषध शरीरात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच सावकाश हलतो, पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे फुकट गेलेले पैसे. ही सगळी गोष्ट १५० सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, चहाबरोबर घेत होते हे सांगायला संकोच करू नका.

गोळी सावकाश उतरते याचा एक फायदाही आहे. एखादा दिवस चुकली तर घाबरायचं नाही, आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना काही होत नाही (हृदयाचा त्रास असेल तर मात्र विचारून).

बाटली कुठे ठेवता? गॅसच्या वरच्या फडताळात असेल तर तिथून हलवा, उष्णता आणि दमटपणा दोन्हीने गोळी खराब होते, आणि नागपूरचा उन्हाळा मी सांगायला नको. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या आणि कंपनी शक्यतो बदलू नका. शेवटचं, केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

प्रश्न: थायरॉइडमध्ये कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायला सांगतात ते खरं का? आणि साधं मीठ सोडून सैंधव खाल्लं तर थायरॉइड बरा होतो असं ऐकलं. (बारामती)

कोबी-फ्लॉवरची शिजवलेली भाजी खुशाल खा. त्यात असे घटक असतात जे आयोडीनच्या कामात अडथळा आणतात हे खरं, पण शिजवताना ते बरेच कमी होतात आणि वाटीभर भाजीने काही होत नाही. रोज कच्च्या कोबीचा रस पिणाऱ्यांनी विचार करावा. सोयाबीन गोळीचं शोषण कमी करतं म्हणून गोळीच्या आसपास खाऊ नका, बाकी बंद करायची गरज नाही.

मिठाचं मात्र मनावर घ्या, कारण हा प्रकार मी गेल्या काही वर्षांत वाढताना बघतेय आणि मला त्याची काळजी वाटते. सैंधव उपासाला खाल्लं, एकादशीला खाल्लं, ठीक. पण वर्षभर घरात तेवढंच वापरायचं म्हणजे आयोडीनचा मुख्य रस्ता बंद करायचा. सैंधवात आयोडीन मुद्दाम घातल्याशिवाय जवळजवळ नसतंच. थायरॉइड ग्रंथी हार्मोन बनवते ते आयोडीनपासून, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं आणि गरोदर बाईला २५० च्या आसपास, म्हणजे चिमटीच्याही कितीतरी कमी, पण ते रोज लागतं.

आपल्या देशाने हे फार मोठी किंमत देऊन शिकलंय. हिमालयाच्या पायथ्याला पावसाने आणि पुराने जमिनीतलं आयोडीन वाहून जातं, तिथे पिढ्यान् पिढ्या लोकांच्या गळ्याला मोठमोठे गलगंड असायचे, मुलं मंदबुद्धी जन्मायची, मुकी-बहिरी जन्मायची. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काम सुरू केलं, काही भागात आयोडीन घातलेलं मीठ दिलं, काही भागात साधं, आणि काही वर्षांत आयोडीनच्या मिठाच्या भागात गलगंड स्पष्ट कमी झाले. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपण दुकानातून जी मिठाची पिशवी आणतो तिच्यावरचं हसऱ्या सूर्याचं चिन्ह त्याच कामाचं आहे. घरात लहान मुलं किंवा गरोदर सून असताना ते मीठ काढून गुलाबी खडे आणू नका. आयोडीन उडून जातं म्हणून डबा घट्ट झाकणाचा ठेवा आणि जमेल तिथे मीठ शेवटी घाला.

पण म्हणून जास्त आयोडीन खाल्लं की मंदावलेली ग्रंथी सुधारते असंही नाही, हाशिमोटोमध्ये आयोडीनची औषधं वरून घेतली तर उलट त्रास वाढू शकतो. बीपी असेल तर मीठ कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं खा.

प्रश्न: वय २६, पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. चार महिन्यांत ९ किलो वजन उतरलं, भूक तर दुप्पट आहे. हात थरथरतात, झोपलो तरी छाती धडधडते, मेसवाले म्हणतात परीक्षेचं टेन्शन. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी फोर खूप जास्त. कार्बिमाझोल सुरू केलंय. पुढे ‘रेडिओॲक्टिव्ह’ औषध द्यावं लागेल म्हणतात, त्याची भीती वाटते.

दादा, हे टेन्शन नव्हतं, तू तपासणी केलीस हे उत्तम केलंस. तुझी ग्रंथी जास्त काम करतेय. वरच्याच उदाहरणात सांगायचं तर मुकादम कधीचा गप्प बसलाय, टीएसएच शून्याला टेकलाय, तरी मजूर राबतोच आहे. तुझ्या वयात याचं नेहमीचं कारण ग्रेव्हज नावाचा आजार, त्यात शरीर अशा अँटिबॉडी बनवतं की ज्या मुकादमाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात आणि मजूर थांबतच नाही. ग्रेव्हजच आहे का याची खात्री डॉक्टर रक्ततपासणीने किंवा स्कॅनने करतील, कारण ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन बाहेर सांडलं तरी रिपोर्ट असाच येतो, आणि त्यात कार्बिमाझोलचा, म्हणजे ग्रंथीचं काम कमी करणाऱ्या तुझ्या गोळीचा, उपयोग होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मोबाईलमध्ये लिहून ठेव. कार्बिमाझोल घेताना ताप आला, घसा जोरात दुखायला लागला किंवा तोंडात फोड आले तर गोळी त्याच क्षणी बंद करायची आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करून डॉक्टरांना दाखवायचं. हजारात दोन-चार जणांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने अचानक खूप कमी होतात, वेळेत कळलं तर माणूस पूर्ण बरा होतो, पण मेसमधल्या मित्राने दिलेली क्रोसिन खाऊन दोन दिवस काढले तर जिवावर बेततं. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तरीही गोळी बंद आणि डॉक्टर. धडधडीसाठी बहुतेक प्रोप्रॅनोलॉल दिलं असेल, लहानपणी दमा होता का हे सांगायचं राहिलं असेल तर सांग, दम्यात ते चालत नाही.

कार्बिमाझोल साधारण एक ते दीड वर्ष चालतं. बऱ्याच जणांचा आजार तेवढ्यात शांत होतो, बऱ्याच जणांचा बंद केल्यावर उलटतो, मग रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन हे पर्याय असतात. रेडिओआयोडीनची भीती मी समजू शकते, नावच तसं आहे. पण हे काही नवीन आलेलं औषध नाही, परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि थायरॉइडच्या रुग्णांना तिथे दशकांपासून हा उपचार मिळतोय. एक कॅप्सूल किंवा द्रावण प्यायचं असतं, ग्रंथी ते आयोडीन समजून ओढून घेते आणि त्याने तिच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आठ दिवसांत त्याची शक्ती निम्मी होते. काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहावं लागतं, किती दिवस ते मात्रेप्रमाणे सांगतात. त्यानंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि सातारच्या ताईंनी विचारलेली ती गोळी रोज घ्यावी लागते. हे आधीच माहीत असलं की फसवल्यासारखं वाटत नाही.

सिगरेट ओढत असशील तर सोड. ग्रेव्हजमध्ये डोळे पुढे येतात, लाल होतात, दोन-दोन दिसतं, आणि सिगरेटने ते फार बिघडतं. डोळ्यांना काहीही वाटलं तर रेडिओआयोडीनच्या आधी सांग. आणि गावी घरी कळव रे, आईला वाटतंय पोरगं अभ्यासाने वाळलंय.

प्रश्न: गोळी घेऊन टीएसएच २.१ झाला तरी वजन उतरत नाही. मात्रा वाढवून घेऊ का? (ठाणे)

नको. मंदावलेल्या थायरॉइडने वाढणारं वजन बहुतेकांचं दोन-चार किलो असतं आणि त्यातही पाणी बरंच, ते गोळीने उतरतं. बाकीचं वजन थायरॉइडचं नाही, हे ऐकायला आवडत नाही पण खरं आहे. नॉर्मल झाल्यावर वरून गोळ्या घेतल्या की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात, चाळिशीनंतरच्या बाईला हे परवडणारं नाही.

प्रश्न: सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये ८ मिलिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर असेल का? दोन रात्री झोप नाही. (मडगाव)

झोपा हो. थायरॉइडच्या गाठी इतक्या जणांना असतात की दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी करताना सापडतात, आणि दहातल्या नऊहून जास्त साध्या असतात. सुईने तपासायची की नाही हे आकारावर आणि सोनोग्राफीत ती कशी दिसते त्यावर ठरतं, एक सेंटिमीटरच्या आतल्या बहुतेक गाठींवर नुसती नजर ठेवतात. रिपोर्टवर ‘टायरॅड्स’ असं लिहून एक आकडा असेल, गाठ किती संशयास्पद दिसते ते तो सांगतो, तो डॉक्टरांना दाखवा. आवाज बसून राहिला, गाठ पटकन वाढली, कडक लागली, मानेत बाजूला दुसऱ्या गाठी आल्या किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर मात्र लवकर.

प्रश्न: लेकीला दुसरा महिना आहे. थायरॉइडची ७५ ची गोळी चालू होती, बाळाला अपाय नको म्हणून आम्ही बंद केली. बरोबर ना? (रत्नागिरी)

मावशी, हे वाचताय तोच दिवस धरा आणि गोळी आजच परत सुरू करा. तुम्ही काळजीपोटी केलंत हे मला कळतंय, पण बाळाला अपाय गोळीने होत नाही, गोळी बंद केल्याने होतो. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर चालते. खरं तर दिवस राहिले की गोळी वाढवावी लागते, साधारण चौथा हिस्सा किंवा थोडी जास्त, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटून टीएसएच करा आणि मात्रा ठरवून घ्या. पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील, त्या घ्यायच्याच, पण थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. बाळंतपणानंतर मात्रा परत आधीची होईल आणि अंगावर पाजताना गोळी चालते.

बाळ जन्मल्यावर एक तपासणी मागून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच करतात, दवाखाना आपणहून करत असेल तर उत्तमच, नसेल तर तुम्ही सांगा. आईला थायरॉइडचा त्रास असो नसो, प्रत्येक बाळाची करावी. काही बाळं जन्मतःच ग्रंथीशिवाय किंवा अर्धवट ग्रंथी घेऊन येतात, दिसायला गुटगुटीत, शांत, फार रडत नाहीत म्हणून घरचे खूष असतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं शाळेत जातं. उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरत नाही.

प्रश्न: आई ७१ वर्षांची. गेल्या वर्षापासून विसरते, गप्प बसून असते, बद्धकोष्ठ आहे, आवाज घोगरा झालाय, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. सगळे म्हणतात वय झालं. तपासण्या कराव्यात का? (सोलापूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझी आत्या अशीच होती. मी नुकतीच डॉक्टर झाले होते, नोकरी दुसऱ्या गावाला, महिन्यातून एकदा फोन व्हायचा. तिचा आवाज जड झाला होता, शब्द ओढून बोलायची, मला वाटलं सर्दी. मे महिन्यात स्वेटर घालून ओट्याशी उभी राहायची, घरचे म्हणायचे म्हातारपणी थंडी वाजतेच. भजनाला जाणं बंद झालं. एका दवाखान्यात तिला डिप्रेशनची गोळी दिली, आणि ती दोन वर्षं चालली. मी सुट्टीत गेले, तिच्यासमोर बसून जेवले, तिच्या भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्या होत्या, कातडी कोरडी पडली होती, नाडी ५२ होती, आणि हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं तरी मला दिसलं नाही, कारण ती माझी आत्या होती आणि ती म्हातारी झालीय हे मीही धरून चालले होते. शेवटी पाय सुजले म्हणून रक्त तपासलं तर टीएसएच १०० च्या वर.

त्यामुळे हो, तपासण्या कराच, या आठवड्यातच. टीएसएच आणि फ्री टी फोर, सोबत बी १२ (विसरण्याचं तेही एक कारण आहे), हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, आणि एक ईसीजी. टीएसएच थोडासाच, ६-७ असा आला तर त्यालाच कारण धरू नका, सत्तरीनंतर तो तेवढा असणं बऱ्याचदा वयाला धरून असतं, मग विसरण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. खूप जास्त आला तर गोळी सुरू होईल पण ती अगदी कमी मात्रेने, १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅम, आणि हळूहळू वाढवत, कारण सावकाश चालायची सवय झालेल्या हृदयाला एकदम पळवलं तर छातीत दुखू शकतं. शेजारच्यांची १०० ची बाटली आणून सुरू करू नका. आणि तपासणीची वाट बघताना आई फार झोपाळू झाल्या, हाक मारली तरी नीट उठत नाहीत, अंग गार लागतंय असं झालं तर मात्र थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या, रात्र असली तरी.

आत्याला फरक पडायला दोन-तीन महिने लागले. आधी पोट साफ व्हायला लागलं, मग आवाज मोकळा झाला, विसरणं पूर्ण गेलं नाही पण बरंच कमी झालं, आणि एका गुरुवारी तिने स्वतः फोन करून सांगितलं की आज भजनाला जाऊन आले, स्वेटर धुवून ठेवलाय. तुमच्या आईंचा रिपोर्ट आला की मला कळवा, आकडे आणि त्या घेत असलेली सगळी औषधं एका कागदावर लिहून पाठवा, हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन किंवा मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर ते आधी लिहा, या दोन्हींनी थायरॉइड बिघडू शकतो.